सव्वाचा लॉट

लॅपटॉपच्या झाकणावर लखनने ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेव्हा त्याची बायको योगिनी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

कुंकू जरा पातळ झालं होतं. त्याचा एक ओघळ झाकणावरून उतरून कीबोर्डाच्या फटीकडे निघाला, तो लखनने करंगळीने अडवला आणि करंगळी पँटला पुसली. समोरच्या चटईवर शेलूबाजारातली चार-पाच माणसं मांड्या घालून बसली होती. नव्या सुनेचं तोंड पाहायला यावं तशी ती लॅपटॉपकडे पाहत होती. मंगरूळपीरला जीप चालवणारा राजू तर चप्पल बाहेर काढून, तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून, चूळ भरून आत आला होता. सासरे मारोतराव धुतलेली टोपी घालून नारळ हातात घेऊन उभे.

"मामाजी, नारळ अंगणात फोडा," कडेवरच्या रेवाला सावरत योगिनी म्हणाली. "पाणी उडलं मशीनवर तर बंद पडंल."

"देवाचं पानी मशीनले बाधत नाई," मारोतराव म्हणाले, पण गेले अंगणात.

रेवाला दाढा येत होत्या. तिच्या तोंडातून लाळेची तार योगिनीच्या खांद्यावर उतरत होती आणि त्या लाळेचा आंबूसगोड वास, एवढाच काय तो त्या खोलीतला स्वच्छ वास होता. बाकी उदबत्ती, घाम आणि लखनने आज फवारलेला तो स्प्रे. सरांच्या क्लासला जायला लागल्यापासून तो अंगाला हे असलं काहीतरी लावायचा. चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसून त्याच्या बोटांना सोल्डरचा जळका वास यायचा, तो तिला आवडायचा. तो आता येईनासा झाला होता.

सर म्हणजे इंद्रभान सर. मंगरूळपीरच्या एका मंगल कार्यालयात ते दर रविवारी क्लास घेत. लग्नात नवरा-नवरी बसतात त्याच मखमली खुर्चीवर बसून ते परदेशी चलनाच्या व्यापाराचं सांगत. त्यांच्याकडे एक रोबोट होता. हातपाय असलेला नव्हे. एक प्रोग्राम होता, तो आपला आपण युरो घ्यायचा, डॉलर विकायचा, दिवसरात्र, न थकता. लखनने तो दिवाळीत विकत घेतला.

सुरुवातीचे दिवस चांगले होते, हे योगिनी कबूल करायची. लखन दुपारी जेवायला आला की रेवाला मांडीवर घेऊन बसायचा आणि एका हाताने मोबाइल धरून बायकोला समजावून सांगायचा. "लॉट म्हंजे एका खेपेले किती माल घ्यायचा ते. सगळ्यात लहान लॉट शून्य पॉइंट शून्य एक. त्याच्यात भाव एक घर हलला तं आपले आठ-नऊ रुपये इकडचे तिकडे. पूर्ण एक लॉट घेतला तं त्याच एका घराले आठ-नऊशे."

"अन् रोज किती घरं हलते?"

"हलते पन्नास, साठ. कधी शंभर."

"बापरे."

"म्हून तं लॉट पाहून घ्या लागते. रेवाले तापाचं औषध देतो ना आपन, वजन पाहून? किती मिली, किती किलोले? तसंच हाये हे. खात्याचं वजन पाह्यचं अन् डोस ठरवायचा. खातं बारकं अन् डोस मोठा झाला तं औषधच जहर होते."

किती नीट सांगितलं होतं त्याने! योगिनी बी.कॉम. झालेली, वाशीमच्या कॉलेजात तिला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. तिला तेव्हा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहावंसं वाटलं होतं.

रोबोटची एक खोड मात्र तिला तेव्हाही आवडली नव्हती. घेतलेला माल तोट्यात गेला की तो थांबत नसे. वीस घरं भाव उलटला की दुप्पट माल घ्यायचा. आणखी वीस उलटला की त्याच्या दुप्पट. शेवटी भाव थोडा जरी माघारी आला तरी सगळं भरून निघायचं, वर चार रुपये उरायचे. लहान लॉटमुळे आतापर्यंत ते निभलं होतं. मोबाइलवर रोज नफ्याचे निळे आकडे यायचे, आणि ते निळे आकडे लखनने आधी राजूला दाखवले, मग राजूच्या जीपमधल्या माणसांना. पाहता पाहता मारोतरावांचं सोयाबीन विकल्याचं, राजूचं टायरांसाठी ठेवलेलं, आणखी कुणाकुणाचं असं सगळं लखनच्या एका खात्यात जाऊन बसलं.

आज लॉट वाढवायचा मुहूर्त होता.

मारोतराव नारळ फोडून आत आले. लखनने लॅपटॉप उघडला. नैवेद्याच्या वाटीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर इंद्रभान सर व्हिडिओ कॉलवर हसत होते.

"किती टाकून राह्यला?" मारोतरावांनी विचारलं.

"शून्य पॉइंट शून्य पाच, बाबा."

"शून्य?" मारोतरावांच्या हातातली खोबऱ्याची वाटी तशीच राहिली. "अबे, शुभ काम सुरू करून राह्यलो आपन अन् शून्य? तेबी दोनदा? आहेर देतो तं अकरा देतो, एकावन देतो. रिकामं शून्य कोनाच्या हातावर ठेवत नाई आपल्यात. पोहरादेवीले गेलो तं परसाद कितीचा नेतो? सव्वा किलोचा. सव्वा टाक!"

"बाबा, ते तसं नसते..."

"हाव लखनभाऊ," राजू म्हणाला. "बापाच्या तोंडातून निघालं, आता मांगं घेऊ नोको."

"वा बाबाजी!" मोबाइलमधून सरांचा आवाज आला. "याला म्हणतात माइंडसेट. क्लासमध्ये मी वर्षभर शिकवतो ते बाबाजींना उपजत कळतं. लखन, मोठा विचार कर. जिगर दाखव."

लखनचे कान लाल झाले. योगिनीने ते पाहिलं. त्याला माहीत होतं! त्याला सगळं माहीत होतं, वजन, डोस, जहर, सगळं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. त्याने नजर वळवली आणि टाइप केलं: एक पॉइंट दोन पाच.

"अहो, पंचवीस पट होते ते!" योगिनीच्या तोंडून मोठ्याने निघालं.

उदबत्तीची राख चौरंगावर पडली.

"मुहूर्ताले टोकू नये घरच्या लक्ष्मीनं," मारोतराव म्हणाले, रागाने नाही, समजावल्यासारखे.

लखन हसला. सरांसारखा, दात दाखवून. "हिले गणित लय आवडते," तो चटईकडे पाहत म्हणाला. "रातीले पोरीले अंगाई म्हनते तेबी पाढे."

सगळे खदखदून हसले. उंबऱ्यात बसलेली शेजारची प्रयागबाई तेवढी हसली नाही. "तुह्या मायनं तुले पाढे शिकवले असते तं बरं झालं असतं, लखन्या," ती म्हणाली. त्यावर लोक आणखी हसले. लखनने एंटर दाबलं.

स्वयंपाकघरात तिने त्याला गाठलं. "तुमी कमी करा तो आकडा. आत्ताच्या आत्ता."

"करतो ना. लोकायले दाखवासाठी टाकला. बाबाचा मान नोको ठेवू काय? उठले लोकं का बदलतो."

"पासवर्ड मले द्या. मी करतो."

"तू चहा टाक," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

लोक उठायच्या आतच बाहेर आरडाओरडा झाला. रोबोटने युरो घेतला होता आणि भाव वर निघाला होता. पाच घरं, आठ घरं, बारा घरं. सौदा आपोआप कटला आणि निळा आकडा आला. दिवाळीपासून आजवर मिळून जेवढं आलं नव्हतं, तेवढं चहा उकळेपर्यंत आलं. राजूने लखनला उचललं. मारोतरावांनी टोपी काढून लॅपटॉपला नमस्कार केला. मग दुसरा सौदा कटला, तोही निळा. राजूने चौकातून जिलेबी आणली.

लॉट बदलायचं कुणी नाव काढलं नाही.

दुपारी सगळे पांगले तेव्हा लखन पाय पसरून भिंतीला टेकून बसला. वर्तमानपत्राच्या तुकड्यावरची उरलेली जिलेबी खात होता. पाक मनगटापर्यंत आला होता. तो एक एक बोट तोंडात घालून चोखायचा, त्याच बोटाने मोबाइल सरकवायचा, मोबाइलची काच चिकट झालेली. त्याने रेवाला जवळ ओढलं आणि तिचा गालगुच्चा घेतला. गालावर पाकाचा ठसा उमटला.

"बदलला काय?" योगिनीने विचारलं.

"तू एक गोष्ट ऐक," तो खुशीत म्हणाला. "तुले सांगतो, कोनाले बोलू नोको. सरायनं मले आपल्याखाली घेतलं. जेवढे लॉट मशीन फिरवन, तेवढं कमिशन आपलं खातं हाये ते कंपनी सरायले देते. त्याच्यातला कट आपल्याले. लॉट मोठा तं कट मोठा. समजलं? जितो का हारो, कट पक्का."

"हारलं तं?"

"हारलं तं मार्केट हाये ना शिव्या खायाले." तो हसला आणि बोट चोखलं.

योगिनी त्या बोटाकडे पाहत राहिली. तिला ओकारी येईल असं वाटलं. रेवाच्या वेळी पहिले तीन महिने फोडणीच्या वासाने व्हायचं तसं, अगदी घशापर्यंत. म्हणजे मामाजी सव्वा म्हणाले तेव्हा याचे कान लाल झाले ते भीतीने की आनंदाने? राजूचे टायर. मामाजींचं सोयाबीन, ज्या मामाजींच्या म्हातारपणाच्या हौसेआड लपून याने आकडा टाकला. सरांनी ते 'जिगर, जिगर' का लावलं होतं, तेही आता कळलं. त्यांचा माल तर माणसाच्या हिमतीवरच खपत होता.

"असं काय पाह्यतं?" लखनने विचारलं.

"काही नाई. गाल पुसतो पोरीचा."

"अन् ऐक. काकूचं पाह्य. ते तुह्यं मानते."

काकू म्हणजे प्रयागबाई. एकटी बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लखनची आई वारल्यावर तिनेच लखनला भाकरी थापून घातल्या होत्या. योगिनीच्या बाळंतपणात रेवाचं पहिलं अंग तिनेच चोळलं होतं. घरावरची टिनं काढून स्लॅब टाकायला तिने पैसे साठवले होते. वर्षानुवर्षं दुधातले, कोंबड्यांतले, परवा विकलेल्या म्हशीचे. सिमेंट, लोखंडी गजाळी सगळं ठरलं होतं, गवंडी पुढच्या आठवड्यात येणार होता. आणि लखन महिनाभर तिच्या कानाशी लागला होता की काकू, स्लॅब काय, माडी बांधशील.

ती म्हणायची, "आधी पाह्यतो तुह्या मशीनचं, मंग सांगतो."

आज तिने पाहिलं होतं.

उन्हं जरा कलल्यावर ती आलीच, तेलाची वाटी घेऊन. रेवाला पायांवर आडवी घेतली, आणि मोठ्या, भेगाळलेल्या पण लोण्यासारख्या फिरणाऱ्या हातांनी पाठ चोळायला लागली. रेवा कोंबडीच्या पिल्लासारखी कुंकुं करत डोळे मिटत होती.

"सकायी भल्लं आलं मशीनवर," प्रयागबाई म्हणाली. "राजू गावभर सांगून राह्यला. मी म्हनलं, आनतो बाप्पा सांजीले माह्येबी. गवंड्याले एक महिना थांब म्हनतो."

"नका आणू, काकू."

तेलाचे हात थांबले. "काहून वं?"

"मशीन चुकीच्या आकड्यावर लावलंय. एक झटका आला तर सगळं जाईन."

"सकायी तं नाई गेलं."

"सकाळी नाही गेलं म्हणून..." योगिनीने दाराकडे पाहिलं. नवऱ्याच्या घरात बसून, सासऱ्याच्या भिंतीआड, काय सांगायचं? कट खातो म्हणून? "माझं ऐका ना, काकू. फक्त नका आणू."

प्रयागबाईने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग खट्याळ हसली, पण त्या हसण्यात बोच होती. "तुह्या घरात येऊन राह्यलं तं माह्या घरात येऊ नाई देत व्हय? वा वं सूनबाई. हिस्सेदार वाढला तं भाकर कमी होते काय?"

"काकू!"

"मजाक केली वं. तोंड कायले पाडलं?" पण रेवाला झबलं घालून ती उठली, तेव्हा "सांजीले आनतो," असंच म्हणत गेली.

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते प्रयागबाईच्या बोलण्याने की दिवसभराच्या त्या चिकट, गोड वासाने, ते तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी अमेरिकेतली कसली तरी बातमी होती, नोकऱ्यांचे आकडे. दर महिन्याला त्या वेळी लखन रोबोट बंद ठेवायचा. आज तो दुकान लवकर बंद करून आला, चौरंगासमोर बसला आणि बंद केला नाही. मारोतराव शेजारी खुर्चीवर. दुपारपासून युरो खाली सरकत होता. रोबोटने सव्वाचा लॉट घेऊन ठेवला होता आणि तो लाल झाला होता. मग बातमी आली. पडद्यावरची रेघ कुणी विहिरीत पोहरा सोडावा तशी सरळ खाली गेली.

"हे काय झालं?" मारोतराव पुढे वाकले. "आकडा बदलला. अडीच!"

"मशीननं आनखी घेतलं, बाबा."

"अडीच म्हंजे चांगलंच हाये. वाढून राह्यलं." त्यांनी हात जोडले. "पाह्य, पाह्य, आता पाच!"

म्हातारा खूश होता. लाल-निळ्यातला फरक त्याला चष्म्यातून नीट दिसत नव्हता आणि सांगायला कुणी तयार नव्हतं. योगिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सव्वा, अडीच, पाच. पावणेनऊ लॉट. एका घराला सात-साडेसात हजार. तिने डोळे मिटले. आणखी पंधरा घरं भाव खाली गेला तर खात्यात काही उरणार नव्हतं.

लखनने सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"घाबरायचं नाही," सर म्हणाले. त्यांच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्याने जेवत होतं. "थोडं मार्जिन टाक. पन्नास-साठ हजार टाकले तरी तग धरेल. भाव माघारी येणारच. किती वेळात टाकतोस?"

फोन ठेवून लखन उठला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. तो योगिनीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकूकडं जा. सांग, आत्ताच पाह्यजेत. तू मांगशीन तं ते मोजूनबी पाह्यनार नाई."

"मी नाही जाणार."

"बाबाचं सोयाबीन हाये त्याच्यात."

"ते सकाळी नव्हतं काय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, हा आता कोसळेल, डोकं माझ्या खांद्यावर ठेवेल, आणि ठेवलंच तर मी काय करीन? पण त्याने तसं काही केलं नाही. तो वळला आणि आत गेला. आत रेवा नुकतीच झोपेतून उठून पाळण्यात बसली होती. योगिनीला पावडरच्या डब्याचा खडखडाट ऐकू आला. ती दारात गेली तेव्हा लखन रेवाला ठेवणीतला फ्रॉक चढवत होता, तोच, बारशाला प्रयागबाईने घेतलेला, आता आखूड झालेला. त्याने पोरीच्या तोंडावर पावडरचे भपकारे मारले. रेवा शिंकली. त्याने तिच्या भुवईशेजारी काजळाची तीट लावली, तीही वाकडी.

"हे काय करून राह्यले?"

"जरा फिरवून आनतो."

आणि पोरीला कडेवर घेऊन तो पुढच्या दाराने निघाला, प्रयागबाईच्या घराकडे.

चार पावलांवरच घर. योगिनी मागोमाग धावली. पायात चप्पल नव्हती. हिचा जन्म झाला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात हाच माणूस ढसाढसा रडला होता, तीच ही लेक. तिला तो नटवून घेऊन चालला होता. जत्रेतल्या भिकाऱ्याने आपलं पोर पुढं करावं, तसंही नाही, भिकाऱ्याला भूक तरी असते.

प्रयागबाई चुलीपुढे होती. रेवाला पाहताच तिचं तोंड फुललं. "आली का माही बाई! अन् हे कोनं सजवलं असं, नाचनारीवानी?" तिने पिठाचे हात पुढे केले. लखनने रेवाला दिली नाही. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली.

"काकू, ते पैसे. तू सांजीले आनतो म्हनलं होतं ना. आता मोका हाये. भाव एकदम खाली आला, स्वस्तात माल भेटून राह्यला. रेवा, म्हन, आजी पैसे दे. म्हन ना. आ-जी."

रेवाला दाढांमुळे काही बोलायचं नव्हतं. तिने तोंडात मूठ घातली. प्रयागबाई मात्र विरघळली. "थांब बाई, आनतो, आनतो," म्हणत ती उठली आणि कोनाड्यातला तुरीच्या डाळीचा डबा खाली घेतला.

तेवढ्यात लखनच्या खिशातला मोबाइल थरथरला. त्याने काढला. पाहिला. योगिनी दारात होती, त्याच्या बाजूला, आणि तिला तो पडदा दिसला, चिकट काचेवर उजेड पसरत होता तरी. तोटा झेपेना तसे सगळे सौदे आपोआप कटले होते. खात्यात उरलं होतं ते एका दिवसाच्या जिलेबीपुरतं. म्हणजे मामाजींचं गेलं, राजूचं गेलं, सगळ्यांचं गेलं. वाचवायला आता काही राहिलंच नव्हतं.

लखनने मोबाइल परत खिशात ठेवला. आणि हात तसाच पुढे ठेवला.

"दे, काकू, लवकर," तो म्हणाला.

योगिनी दारातून आत आली. तिने पुढे होऊन रेवाच्या काखेत हात घातले आणि तिला त्याच्या कडेवरून काढून घेतलं. त्याने क्षणभर धरून ठेवलं, पोरीचा फ्रॉक ताणला गेला, उसवल्याचा आवाज झाला. मग त्याने सोडलं.

"काकू, झाकण लावा डब्याचं," योगिनी म्हणाली. "मशीन बुडालं. आत्ताच. यायनं पाह्यलं मोबाइलवर. पाहूनबी मांगून राह्यले."

"योगिनी!"

"सांगा ना तुमी. खोटं असंल तर दाखवा काकूले मोबाइल."

लखनने मोबाइल काढला नाही. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "काकू, हे घाबरलं म्हून... उद्या सरायचा नवा रोबोट येऊन राह्यला. त्याच्यात लॉट लहान ठेवतो. तुह्याच पैशानं सगळ्यायचं भरून काढतो. राजूचंबी. तुले पुन्य लागन."

प्रयागबाई डबा छातीशी धरून उभी होती. चुलीवरची भाकरी करपत होती, तिचा धूर तिघांच्या मधून वर जात होता. तिने पैशांबद्दल एक शब्द काढला नाही. ती लखनकडे पाहत राहिली. तिला काहीतरी जुनं आठवत असावं, किंवा काहीतरी जुनं पुसलं जात असावं.

"पोट्टी घेऊन आला व्हय रे, लखन्या?" ती शेवटी म्हणाली. "माह्या दारी? पावडर लावून?"

"काकू, तसं नाई..."

"एकटा आला असता तं दिले असते मी. देवाशपथ दिले असते." तिचा आवाज फाटला. "जाय. बापाजवळ जाय तुह्या. त्याले कोनी सांगतलं का नाई?"

लखन वळला. मग त्याचा मोबाइल पुन्हा थरथरला, या वेळी सतत, कुणाचा तरी फोन. त्याने पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर एकाएकी ते हसू आलं, दात दाखवणारं. "हां, सर," म्हणत तो अंगणात उतरला. "नाई सर, नाई. लोकं हायेत ना अजून. तांड्यावर दोघं-तिघं हायेत..." आवाज बोळातून दूर गेला.

योगिनीने तो गेला तिकडे पाहिलं नाही. करपलेली भाकरी तव्यावरून काढून तिने बाजूला टाकली, आणि चुलीच्या उजेडात बसली. रेवाला मांडीवर घेतलं. पोरीच्या तोंडावरची पावडर लाळेने भिजून तिचे पांढरे गोळे झाले होते, हनुवटीखाली, गळ्याच्या घडीत, कानामागे. आणि त्या पावडरला त्याच्या स्प्रेचा वास होता.

"काकू, कोमट पाणी द्या ना जरा."

प्रयागबाईने डबा तसाच जमिनीवर ठेवून चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी वाटीत ओतलं. बोट बुडवून पाहिलं आणि पुढे सरकवलं. योगिनीने पदराचं टोक भिजवलं आणि पोरीचं तोंड पुसायला लागली. कपाळ, गाल, मग ती वाकडी तीट. तीट निघेना. ती घासत राहिली. रेवाने ओठ काढले आणि रडायच्या बेतात आली.

"हयू वं," प्रयागबाई म्हणाली आणि तिचा हात धरला. "कातडं निघन पोरीचं. आन इकडं, तेल लावतो. तेलानं निघते."